ड्युअल आणि डुप्लिकेट

आयुष्यात सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते, असं कुणी विचारलं तर मी एका मदरबोर्डचं नाव घेते. ऐकणारे हसतात. मीही हसू देते, कारण पुढचं सांगायला धीर गोळा करावा लागतो, आणि तेवढ्यात कुणी विषय बदलला तर मला हवंच असतं. आज विषय बदलायला कुणी नाही, म्हणून सांगून टाकते.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे भोंगे घरात ऐकू येतील इतक्या अंतरावर. भोंग्यावर आई घड्याळ लावायची. मी ठाण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर होते. आमच्या वस्तीत संगणकावर काम करणारी मी पहिली मुलगी, आणि हे मी कुणाला विसरू द्यायचे नाही. विहारात वंदनेला गेले तरी कुणी ना कुणी संगणकाबद्दल विचारायचं आणि मी लांबलचक उत्तर द्यायचे. विचारणाऱ्याला त्यातलं निम्मं कळू नये अशीच माझी इच्छा असायची, हे आता कबूल करते.

पप्पा एका इंजिनीअरिंग कंपनीत मेंटेनन्सचे फिटर होते. शिक्षण नववीपर्यंत, पण यंत्रावरची पितळी पाटी ते बोट फिरवून अक्षर अक्षर वाचायचे, आणि पाटी वाचल्याशिवाय यंत्राला हात लावायचे नाहीत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी सातवीत असताना त्यांनी जयंतीसाठी रजा मागितली, तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, "तुम लोगों की छुट्टियाँ कभी खतम नहीं होतीं." पप्पांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, 'लोग' म्हणजे कोण. आवाज चढला, प्रकरण वर गेलं आणि कंपनीने उलट त्यांनाच माफी मागायला सांगितलं. त्यांनी मागितली नाही. पंधरा दिवस घरी बसले. शेजारच्यांनी समजावलं की हात जोडून टाका, मोकळे व्हा. तेव्हा पप्पा म्हणाले होते की माझे हात भिंतीवरच्या त्या दोन फोटोंसमोर जोडले जातात, बाकी कुणासमोर नाही. शेवटी त्यांच्यासारखा फिटर मिळेना म्हणून कंपनीनेच माफीचा विषय सोडून दिला आणि त्यांना बोलावून घेतलं. ही गोष्ट मी शाळेत, कॉलेजात, ऑफिसात, सगळीकडे अभिमानाने सांगत आले होते.

आता मदरबोर्डकडे येते. ऑफिसचं काम सांभाळून मी एका वर्कशॉपच्या स्टोअरसाठी सॉफ्टवेअर करून देत होते. घरचा जुना संगणक डेटाबेस चालू असताना प्रोग्रॅम कंपाइल करायला घेतला की ठप्प व्हायचा. मी चहा पिऊन यायचे, भांडी घासून यायचे, तरी पडद्यावरची रेघ तिथेच. नवा संगणक घ्यायला हवा होता हे खरं. पण त्यात दोन प्रोसेसर हवेत, हे खरं नव्हतं. एक चांगला प्रोसेसर आणि भरपूर मेमरी एवढ्यावर माझं काम सहज भागलं असतं. पण ऑफिसात एक जण सतत ड्युअल प्रोसेसरच्या मशीनबद्दल बोलायचा, त्याच्याकडे ते नव्हतं, आणि त्याच्याआधी ते माझ्या घरी असावं असं मला वाटत होतं. एवढंच कारण. बाकीची कारणं मी नंतर जमवली.

जमवली मात्र जोरात. सायबर कॅफेत बसून पानांमागून पानं छापून आणली. मदरबोर्ड म्हणजे संगणकातला तो मोठा हिरवा पत्रा, ज्यावर बाकी सगळं बसतं. त्यावर साधारणपणे प्रोसेसरसाठी एकच खाच असते. मला दोन खाचांचा हवा होता. तीन बोर्ड निवडले. एक स्वस्त होता, पण जुन्या प्रोसेसरचा. दुसरा एवढा मोठा की नेहमीच्या कॅबिनेटमध्ये मावणार नाही. तिसरा मावणारा होता, पण त्याला सर्व्हरमध्ये घालतात तसली वेगळी मेमरी लागायची. पंधरा दिवस मी त्या कागदांवर लाल, हिरव्या पेनाने खुणा करत बसले. नवरा निवडताना सुद्धा मी एवढा विचार केला नाही, हे आई आजही बोलून दाखवते.

पप्पा समोर बसून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं की दोन प्रोसेसर म्हणजे नेमकं काय. मी म्हणाले, समजा एका शेडमध्ये दोन लेथ आणि दोन कारागीर. ते म्हणाले, "पण काम वाटणारा फोरमन एकच ना? त्याला ठाऊक पाहिजे आपल्याकडे दोन कारागीर आहेत ते. नाहीतर दुसरा नुसता उभा राहायचा."

मी हसले. पप्पा, संगणकात फोरमन नसतो, असं म्हणून कागद गोळा केले. फोरमन असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी त्याच विषयावर पगार घेत होते.

दुकान पप्पांनी सुचवलं. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एक सिंधी दुकानदार होता. त्याच्या वडिलांचं तिथेच हार्डवेअरचं दुकान होतं. नटबोल्ट, बेअरिंग, पट्टे. पप्पा कंपनीसाठी वीस वर्षं तिथूनच माल आणायचे. पप्पा सांगायचे, म्हातारा खिळे तोलताना काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायचा, स्वतःकडे नाही. म्हातारा गेल्यावर मुलाने बेअरिंगं काढून संगणकाचे भाग ठेवले होते. मी नाक मुरडलं. आमच्याकडे कॅम्पातल्या मालाची ख्याती लहान पोरांनाही पाठ होती. पेनापासून पंख्यापर्यंत कशावरही 'मेड इन यूएसए' दिसलं की यातला यू उल्हासनगरचा, हा विनोद आम्ही शाळेच्या डब्याबरोबर खाल्ला होता. मी म्हणाले, प्रोसेसर काय कॅम्पातून घ्यायचा? पप्पा म्हणाले की माणूस बघून घ्यायचा, कॅम्प बघून नाही.

दुकानदार चाळिशीचा, बारीक, नाकावर घसरणारा चष्मा. पप्पांना तो 'फिटर साहब' म्हणायचा आणि पप्पा त्याला 'सेठ'. त्याने माझी यादी शेवटपर्यंत वाचली, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला की बेटा, तुमच्या कामाला एक प्रोसेसर पुष्कळ आहे, वरचे पैसे मेमरीत घाला. मला वाटलं मुलगी बघून हा शहाणपणा शिकवतोय. किंवा याच्याकडे तसला बोर्ड मिळतच नसेल. आपल्याच दुकानातली महागडी वस्तू घेऊ नका म्हणणारा दुकानदार खोटा कसा असेल, हा विचार मला शिवला नाही. मी म्हणाले, मला ड्युअलच हवा. बरं, म्हणाला. यादी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली, एकेक ओळ मला वाचून दाखवली आणि शेवटी विचारलं, "सिस्टम कौन-सा डालोगे इसमें?"

"वो मैं देख लूँगी," मी म्हणाले. "मैं सॉफ्टवेअर में ही हूँ."

तो पुढे काहीतरी बोलणार होता. मी पर्स बंद केली, तसा तो थांबला.

बोर्ड मुंबईहून यायला दोन आठवडे लागले. आला तेव्हा त्याने खोका आमच्यासमोर फोडला. खोक्यावरचा नंबर, बोर्डावरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर, तिन्ही एकाखाली एक धरले आणि सगळं माझ्याकडे वळवून ठेवलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. काट्याची आठवण त्यांना झाली होती. मला झाली नाही, कारण मी दोन खाचांकडे बघत होते. खरंच सुंदर दिसत होत्या. दोन्ही प्रोसेसर त्याने हाताने बसवले, पंखे चढवले, कॅबिनेट बंद करून रिक्षात ठेवायला स्वतः बाहेर आला.

घरी येऊन मी सिस्टिम टाकली. सीडी ऑफिसातून आणलेली होती, त्याच ड्युअलवाल्या सहकाऱ्याकडून. पांढऱ्या सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं. तेव्हा सगळे अशाच सीड्या वापरायचे, आणि सीडी विकत घेणाऱ्याला आम्ही हसायचो. सगळं नीट झालं. मग मी प्रोसेसरचं काम दाखवणारी खिडकी उघडली. दोन प्रोसेसर असले की तिथे दोन आलेख दिसायला हवेत. एकच दिसत होता. बंद करून चालू केलं, तरी एक. सिस्टिम पुसून परत टाकली, तरी एकच.

माझ्या डोक्यात शंका आली नाही, निकालच आला. डुप्लिकेट. कॅम्पातला माल. दुसऱ्या खाचेत त्याने बाद झालेला प्रोसेसर बसवला असणार, नाहीतर बोर्डच बनावट असणार. दुसरीकडे कुठे राहत असते तर कदाचित पुस्तक उघडून बघितलं असतं, चार जणांना विचारलं असतं. अंबरनाथच्या माणसाला त्याची गरज पडत नाही; उल्हासनगरचा माल बिघडला की कारण आधीच तयार असतं. त्यात मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसले होते. सहकाऱ्याने सकाळीच विचारलं होतं की कसं काय, दोन आलेख दिसले का. मी हो म्हणाले होते.

पप्पा त्या दोन दिवसांत मी मशीन चालू केली की मागे येऊन उभे राहायचे. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा म्हणाले, "सुरुवातीला काळ्या पडद्यावर अक्षरं येतात बघ, त्यात प्रोसेसरपुढे दोनचा आकडा येतो. मी नीट बघितलाय. मशीनला दोन दिसतायत."

ती अक्षरं दोन-तीन सेकंदच राहायची. मी ती कधी वाचली नव्हती. "पप्पा, तुम्हाला त्यातलं कळत नाही," मी म्हणाले. "ते काहीही येतं."

ते आत गेले. यंत्रावरची पाटी वाचल्याशिवाय यंत्राला हात न लावणारा माणूस. आणि मी, सॉफ्टवेअरमधली.

शनिवारी संध्याकाळी कॅबिनेट रिक्षात घालून आम्ही कॅम्प चारला गेलो. वाटेत पप्पा एकदाच म्हणाले की शांतपणे विचार, त्याला बघू दे. मी हो म्हणाले. पण आत गेले तर दुकान भरलेलं. काउंटरला सात-आठ माणसं, बाहेरगावचे दोन व्यापारीही. दुकानदार कुणाला तरी माल दाखवत होता, मला बघून त्याने हाताने बसायची खूण केली. मला वाटलं टाळतोय. मी कॅबिनेट त्याच्या मालाच्या मधोमध काउंटरवर ठेवलं.

पुढचं मी जसंच्या तसं लिहिते, कारण बदलायचा मला हक्क नाही. मी मोठ्याने म्हणाले, "ड्युअल बोलके डुप्लिकेट दिया मेरे को. आप लोगों का तो धंदा ही यही है."

एका व्यापाऱ्याने हातातला कीबोर्ड हळूच खाली ठेवला. दुकानदाराच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता दमल्यासारखा दिसला. मी मागे वळून पप्पांकडे बघितलं, त्यांनी मला दुजोरा द्यावा म्हणून. ते माझ्याकडे बघत नव्हते. दारातल्या उंबऱ्याकडे बघत होते.

दुकानदाराने दुसरा माल बाजूला सारला, कॅबिनेटला पडदा जोडला आणि बटण दाबलं. काळा पडदा आला तसं त्याने एक कळ दाबून अक्षरं थांबवून धरली. थांबवता येतात हेही मला ठाऊक नव्हतं. मग त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "पढो, बेटा."

प्रोसेसर, आणि पुढे दोनचा आकडा. दोन्हीचं नाव, दोन्हीचा वेग. मी वाचलं, पण मोठ्याने नाही.

त्याने विचारलं की सिस्टिम कुठली टाकलीत. पुरावा म्हणून सीडी मी बरोबरच आणली होती. ती त्याने उजेडात धरली, मार्करची अक्षरं वाचली. मग सावकाश, काउंटरवरच्या सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं की ही सिस्टिमची घरगुती आवृत्ती आहे, हिला एकच प्रोसेसर मोजता येतो, दुसरा समोर असला तरी ती त्याला कामाला लावत नाही. ऑफिसात वापरायची आवृत्ती वेगळी असते. त्याने आतून स्वतःची हार्ड डिस्क आणली, माझी बाजूला काढून ठेवली आणि खोक्यात असलेली, विकत घेतलेली सीडी घातली. सिस्टिम बसायला पाऊण तास तरी लागणार होता. त्याने आम्हाला स्टुलं दिली आणि समोरून चहा मागवला.

तो पाऊण तास मी कसा काढला ते सांगता येणार नाही. चहा हातात तसाच निवला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, आणि जे आधीपासून होते ते जात नव्हते. पप्पांनी चहा पूर्ण प्यायला आणि रिकामा ग्लास नेऊन काउंटरच्या कडेला ठेवला. पडद्यावर निळी रेघ पुढे सरकत होती. ती चुकावी, बंद पडावी, मशीनमध्ये खरोखर खोट निघावी, असं मी मनातून मागत होते. एका माणसाने माझ्याशी लबाडी केलेली असावी, म्हणजे मी खरी ठरेन, एवढ्या खाली मी गेले होते.

रेघ पूर्ण झाली. त्याने ती खिडकी उघडली. दोन आलेख, शेजारी शेजारी.

"इसमें डुप्लिकेट एक ही चीज है, बेटा," तो म्हणाला आणि पांढरी सीडी माझ्यापुढे सरकवली. "वो मैंने नहीं बेची."

कुणीतरी हसलं. तेव्हा सॉरी म्हणायचं होतं. एवढासा शब्द, दिवसातून वीस वेळा तोंडातून जाणारा. तो बाहेर आला नाही. त्याऐवजी मी म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं ना.

"पूछा था," तो म्हणाला.

त्यानंतर पप्पा स्टुलावरून उठले. काउंटरसमोर आले, आणि दोन्ही हात जोडले. नमस्कार करताना जोडतात तसे नाही. छातीशी घट्ट, मान खाली. पंधरा दिवस घरी बसून जे हात त्यांनी वाचवले होते, ते.

"सेठ, मेरी बेटी की तरफ से माफी माँगता हूँ," ते म्हणाले. "डुप्लिकेट बोली, वो नासमझी है, चलता है. लेकिन 'आप लोग' बोली. वो नहीं बोलना था."

तोपर्यंत मला वाटत होतं की माझी चूक प्रोसेसरची आहे. त्या क्षणी कळलं की मी काय बोलले होते. तोच शब्द. मी शाळेत, कॉलेजात, ऑफिसात अभिमानाने सांगत आले होते त्या गोष्टीतला. त्या गोष्टीत पाना खाली ठेवणारा माणूस माझा बाप होता, आणि मी आज दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या जागी उभी राहून बोलले होते. अंगावरचे कपडे कुणी ओढून घ्यावेत तसं मला झालं.

दुकानदार काउंटरची फळी उचलून बाहेर आला, पप्पांचे जोडलेले हात धरून त्याने ते खाली घेतले आणि अरे फिटर साहब, क्या करते हो, असं काहीतरी म्हणाला. ती नवी हार्ड डिस्क आणि सीडी त्याने मशीनबरोबर दिली. पप्पांनी त्याची किंमत विचारली आणि तिथल्या तिथे दिली. मी उभी होते.

रिक्षात कॅबिनेट आमच्या दोघांच्या मध्ये होतं. पप्पा मला रागावतील म्हणून मी वाट बघत होते. रागावले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. अंबरनाथचा नाका आला तेव्हा ते म्हणाले, "फोरमन बदलला का आता?" मी हो म्हणाले. "मग झालं," ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

मशीन उत्तम चालली. वर्कशॉपचं काम वेळेत झालं. ऑफिसातले दोघे-तिघे मुद्दाम बघायला आले, त्यांना मी दोन आलेख दाखवले, आणि सहकाऱ्याने विचारलं की बोर्ड कुठून घेतला. मी म्हणाले, मुंबईहून मागवला. तेही खोटं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट. फक्त एक बदल झाला. मशीन चालू होताना पप्पा मागे येऊन उभे राहायचे थांबले. मीच आता रोज ती काळ्या पडद्यावरची ओळ वाचायचे. दोनचा आकडा येऊन जायचा, आणि दर वेळी मला त्यांचे हात दिसायचे.

कॅम्प चारला मी परत गेले नाही. शहाडला जाताना रिक्षा तिकडून निघाली तर मी दुसऱ्या बाजूला बघायचे. जाऊन माफी मागावी असं पहिल्या आठवड्यात रोज वाटायचं, मग महिन्यातून एकदा, मग फक्त मशीन चालू करताना. शरम जुनी होते तसं तिच्याबरोबर राहता येतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

सहा वर्षांनी आम्ही चिखलोलीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सामान बांधताना ते कॅबिनेट निघालं. तोवर एकाच प्रोसेसरच्या पोटात दोन बसवलेले यायला लागले होते, कुठल्याही दुकानात, कुणालाही. ड्युअलचा तोरा संपला होता. पप्पा निवृत्त झाले होते. गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, कॅबिनेट उघडलं, बोर्ड काढला आणि फडक्याने पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला. भंगारात द्यायचा नाही, म्हणाले. मला धीर आला आणि मी म्हणाले की पप्पा, आपण एकदा त्या सेठकडे जाऊन येऊ या का, दोघं.

"माझं त्याच दिवशी झालं," ते म्हणाले. "तुझं राहिलंय."

मी एकटी गेले. दुकान तिथेच होतं, पण आता काचेत मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेले. दुकानदाराचे केस पिकले होते, चष्मा तसाच घसरलेला. गर्दी नव्हती. मी रिक्षात बसल्यापासून वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी त्याला सांगितलं की सहा वर्षांपूर्वी मी इथून दोन प्रोसेसरचा बोर्ड घेतला होता, तुमच्यावर खोटा आळ घेतला, भरलेल्या दुकानात नको ते बोलले, आणि माफी मागितली नाही. ती मागायला आले आहे.

तो विचार करत राहिला. आठवत नव्हतं. मी फिटर साहब म्हणाले, हात जोडले होते ते, म्हणाले, तेव्हा त्याचा चेहरा एकदम उजळला. कसे आहेत विचारलं, गुडघ्याचं ऐकून हळहळला, कल्याणच्या एका डॉक्टरचा पत्ता कागदावर लिहून दिला. चाळीस वर्षं झाली या दुकानाला, त्याच्या वडिलांपासून, म्हणाला, पण अशा गोष्टीसाठी कुणी हात जोडले ते एकदाच.

"और मैं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. एवढी वर्षं जे मनात धरून बसले ते त्याच्या लेखी काहीतरी असावं, असं वाटत असणार.

तो हसला, अगदी मनापासून, समजूत घालावी तसा. "बेटा, आप लोग तो ऐसा बोलके ही जाते हो. किस-किस का याद रखूँ."

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि निघाले.

घरी पप्पा गॅलरीत बसले होते. भेटला का, विचारलं. भेटला, म्हणाले. त्याने तुमची चौकशी केली, डॉक्टरचा पत्ता दिला, माझी माफी ऐकून घेतली, सगळं सांगितलं. काय म्हणाला, त्यांनी परत विचारलं. जे म्हणाला ते मी सांगितलं, त्यातले दोन शब्द तेवढे गाळले.